कारणाचा रकाना

सत्तावीसच्या दगडापाशी रस्ता वळतो
आणि वळणातच उंटांची वाट त्याला आडवी जाते.
वाट जुनी. डांबर परवाचं.
विहीर डांबराच्या पलीकडे,
म्हणून तहान रोज रस्ता ओलांडते,
तीही रात्री, जमीन निवल्यावर.

गेल्या वर्षी चार उंटिणी गेल्या, आणि वारियोचा पाय.
मग हा खांब आला.
डोक्यावर हातभर काळी काच, पोटात बॅटरी,
कपाळाला एकच पिवळा डोळा.
विजेची तार दोनशे किलोमीटर मागेच
कुठेतरी दमून बसली आहे.
हा तिच्यासाठी थांबला नाही.
दिवसभर ऊन गिळतो
आणि रात्रभर तेच थोडं थोडं परत करतो:
सावध. सावध. सावध.

मी त्याचा राखणदार.
आठवड्यातून दोनदा शिडी लावायची, काच पुसायची.
चाल्बीची धूळ खारट,
एकदा बसली की उठायचं नाव घेत नाही.
मग रस्ते खात्याच्या वहीत लिहायचं:
किती तास चालू, किती तास बंद, कारण.
कारणाचा रकाना सात महिने कोरा होता.

आमच्यात माणसाचं नाव त्याची वेळ सांगतं.
दिवसा जन्मला तो गुयो,
रात्री जन्मला तो हल्कानो.
मी गलगालो, सांजेचा;
दोन्हींकडून थोडा थोडा उसना.

त्या रात्री भावजय अडली.
दवाखान्याच्या खोलीत दार्मी नर्स एकटी,
दातांत टॉर्च धरलेली,
टॉर्चमधले सेल शेवटच्या घटका मोजणारे.
टॉर्च काढून म्हणाली,
"मला दोन्ही हात हवेत, आणि दिसायला हवं."
एवढंच. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही तिने.
पाना माझ्या कमरेलाच होता.

चार बोल्ट.
तीन सरळ निघाले, चौथा हटून बसला,
जणू त्यालाच रस्ता सोडवत नव्हता.
डोळा मिटला तेव्हा आठवलं,
मुळात इथली रात्र किती काळी आहे.
धाकटा बॅटरी छातीशी धरून पळाला.
मी वळणावर राहिलो.

मोबाईलचा दिवा, नऊ टक्के.
तळवा झाकायचा, काढायचा. झाकायचा, काढायचा.
मनात त्याच्याच चालीने मोजत होतो.
मग मोबाईलही गेला.
जुना टायर पेटवला; वास असा
की पुढची उंटीण नाक आखडून उभीच राहिली,
गळ्यातली लाकडी घंटा गप्प.

मोयालेकडून ट्रक आला, कांद्यांचा.
करकचून ब्रेक.
अब्शिरने खिडकीतून आधी शिव्या घातल्या, मग विचारलं,
"इथला दिवा कुठे गेला?"
म्हटलं, "बाळंतपणाला."
तो हसला नाही.
ट्रक कडेला घेतला, दोन्ही बाजूंचे इंडिकेटर लावले,
आणि कांद्यांच्या पोत्यांवर जाऊन आडवा झाला.
पहाटेपर्यंत अख्खा ट्रक उघडझाप करत होता.
एकशे अकरा उंट त्या उजेडातून पलीकडे गेले.
मी मोजले. मला दुसरं काम काय होतं?

मुलगा मध्यरात्रीनंतर झाला.
सकाळपासून चहावर वाद.
म्हातारे म्हणतात हल्कानो; रात्र ती रात्रच.
दार्मी हात धूत म्हणाली,
"मी तर त्याला उन्हात पाहिलं.
कालचं असेल, पण ऊनच होतं.
मग गुयो का नाही?"
म्हातारे गप्प.
एकाने साखर मागितली.

मी बॅटरी परत बसवली.
चौथा बोल्ट अजून रुसलेला.
कांद्यांची चार सालं रस्त्यावर उडत होती.
वही काढली, मांडीवर ठेवली.
बंद: नऊ तास.
कारण: मुलगा.
वजन अडीच किलो.
नाव लिहायला
रकान्यात जागा उरली नव्हती,
तेही बरंच झालं.